शिकाऊ हातांखालचं के१०बी : ठाण्यातून एक रिव्ह्यू

लायसन्स हातात पडलं की माझ्याकडे शिकलेल्या बहुतेक बायकांचा पुढचा फोन ठरलेला असतो. "ताई, जुनी वॅगनआर बघतोय. घेऊ का?" फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून एकदाचं लिहून ठेवते. यापुढे विचारलं की हेच पाठवीन.

मी ठाण्यात गाडी शिकवते. माझ्या दोन्ही गाड्या वॅगनआर आणि दोन्हींत इंजिन एकच, मारुती सुझुकीचं के१०बी. एक नुसती पेट्रोलवर, दुसरी कंपनीच्या सीएनजीची. त्याआधी आमच्याकडे मारुती ८०० होती. सीट, डिकी, म्युझिक सिस्टिम यावर मी बोलणार नाही, ते एजंट तुम्हाला न विचारता सांगेल. बॉनेटखाली काय आहे आणि शिकाऊ माणसाच्या तावडीत ते कसं टिकतं, एवढंच माझं क्षेत्र.

मत आधी सांगून टाकते. इंजिन साधं आहे, चांगलं आहे आणि सोशिक आहे. त्याचे हाल होतात ते ऑईलपायी. आणि ऑईलचे हाल होतात, कारण आपण किलोमीटर मोजत बसतो. ठाण्यात गाडीचे तास मोजायला हवेत. ते का, ते पुढे येईलच.

आधी कागदावरचं. ९९८ सीसी, तीन सिलिंडर, दर सिलिंडरला चार म्हणजे एकूण बारा व्हॉल्व्ह, वर दोन कॅमशाफ्ट. सिलिंडरचा व्यास ७३ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७९.५ मिलिमीटर. ताकद ६२०० आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या) ६८ पीएस, म्हणजे जवळपास तितकेच बीएचपी, आणि टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, ३५०० आरपीएमला ९० न्यूटन मीटर. ब्लॉक आणि त्यावरचं हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे, टायमिंगला, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला, चेन. २००८ च्या अखेरीस ए-स्टारमधून हे इंजिन आपल्याकडे आलं. तीच गाडी निसानचं नाव लावून पिक्सो म्हणून युरोपातही गेली. २०१० मध्ये नव्या वॅगनआरमध्ये आणि ऑल्टो के१० मध्ये बसलं, २०१४ मध्ये सेलेरिओत. याचा तुमच्या दृष्टीने अर्थ असा की ठाण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे इंजिन दोन-चार ठिकाणी सापडेल, आणि त्याचा पार्ट मिळत नाही म्हणून गाडी उभी राहिली असं होत नाही.

आमच्या ८०० चं इंजिन ७९६ सीसी, तेही तीन सिलिंडरचंच, पण व्हॉल्व्ह सहा आणि ताकद ३७ बीएचपी. टायमिंगला रबरी बेल्ट, तो ठरलेल्या वेळी बदलावाच लागायचा. के१०बीला ते झंझट नाही. चेन इंजिनाच्या आत, ऑईलमध्ये फिरते आणि नीट सांभाळली तर वर्षानुवर्षं तिची आठवणही येत नाही. लोक मात्र यावरून "चेनला मेंटेनन्सच नाही" असं धरून चालतात. चेनचा सगळा मेंटेनन्स म्हणजे ऑईल, हे त्यांना कोणी सांगत नाही.

तीन सिलिंडर म्हटलं की थरथर आली. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दर १८० अंशांना एक स्फोट होतो, तीनमध्ये २४० अंशांना. शिवाय तीन पिस्टन एका रांगेत खालीवर होताना इंजिन पुढून वर, मागून खाली असं डुलायला बघतं. ते थोपवायला मोठ्या इंजिनात कधीकधी वेगळा बॅलन्सर शाफ्ट देतात, इथे ती चैन नाही. सगळा भार रबरी माउंटिंगवर, ज्याला गॅरेजात सगळे फाउंडेशन म्हणतात. सिग्नलला उभं असताना स्टिअरिंग हातात गुणगुणतं, गिअरचा दांडा हलतो, ते या जातीचं लक्षणच आहे. नव्या विद्यार्थिनीला वाटतं गाडी बंद पडणार, आणि त्या धास्तीने ती ॲक्सिलरेटर दाबते. तिला मी आधी दोन मिनिटं गाडी नुसती सुरू ठेवून बसायला लावते. थरथरीची सवय झाली की पाय शांत होतो.

सवय करून घ्यायची थरथर आणि बिघाडाची थरथर यांत मात्र फरक आहे. फाउंडेशनचं रबर चिरलं की क्लच सोडताना खालून 'धप्प' असा आवाज येतो आणि एसी लावला की डॅशबोर्डचं प्लास्टिक वाजायला लागतं. माझ्या गाड्यांत फाउंडेशन इतरांपेक्षा लवकर जातात, पण त्याला कारण माझा धंदा. क्लच सोडताना दिवसभर आचके बसणार, गाडी उड्या मारत बंद पडणार, कोणीतरी दुसऱ्याऐवजी चौथा टाकणार. क्लच प्लेटचंही तेच. हाफ क्लचवर सगळं कापूरबावडी जंक्शन पार करणाऱ्या काकू माझ्याकडे दर बॅचला एक तरी असतात. त्या प्लेटचा हिशेब मी फीमध्ये धरते, इंजिनाच्या नावावर टाकत नाही. तुम्ही घरगुती गाडी घेत असाल तर ड्रायव्हिंग स्कूलमधली सोडून दुसरी बघा. माझी विकायची झाली तरी हेच सांगेन.

चालवायला कसं आहे? सपाट रस्त्यावर पहिला टाकून ॲक्सिलरेटरला पाय न लावता क्लच हळूहळू सोडला तर गाडी आपोआप पुढे सरकते. नवशिक्यासाठी याहून मोठा गुण नाही. क्लच कुठे धरतो हे पायाला यातूनच कळतं. पण चढावर खरं रूप दिसतं. उपवनहून येऊरचा रस्ता वर चढतो, तिथे मी सकाळी लवकर नेते, गाड्या कमी असतात तेव्हा. आत चौघी, एसी चालू आणि तिसरा गिअर, असं केलं की इंजिन धापा टाकायला लागतं. ९० न्यूटन मीटर आहेत खरे, पण ते ३५०० फेऱ्यांना. खालच्या फेऱ्यांवर त्याला ओढायला लावलं की ते गडगडतं, गाडी पुढे जात नाही आणि थरथर दुप्पट होते. दुसऱ्यावर घ्या, फिरू द्या, ते आनंदाने चढतं. गायमुखच्या घाटातही असंच.

इथे नवऱ्यांचा आणि माझा वाद होतो. घरी सराव करताना ते शिकवतात, "वरचा गिअर लवकर टाक, ॲव्हरेज चांगलं मिळतं." सपाटीवर ठीक आहे. पण तीसच्या स्पीडला चौथा टाकून ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तर ॲव्हरेज तर मिळत नाहीच, वर आतल्या भागांवर नको तो ताण येतो. या इंजिनाला फिरवलेलं आवडतं, रेटलेलं आवडत नाही. वॅगनआरचं वजन नऊशे किलोच्या आत आहे म्हणून ६८ पीएस पुरतात. रिकाम्या हायवेवर ती शंभराच्या आसपास बरी चालते, त्यापुढे आवाज वाढतो. ओव्हरटेक करायचा तर आधी गिअर खाली घ्यायचा, हे मी मुंब्रा बायपासला ट्रकांच्या मागे उभं राहून सगळ्यांना घोकून घेते.

आता ऑईल. गाडीच्या पुस्तकात सर्व्हिसिंग साधारण दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी होईल ते, असं असतं. आता हिशेब करा. नाशिक हायवेला सरासरी पन्नासने गेलात तर दहा हजार किलोमीटरला इंजिन दोनशे तास चालतं. घोडबंदर रोडला संध्याकाळी, मेट्रोच्या खांबांमधून वाट काढत, कासारवडवली ते माजिवडा सरासरी बारा मिळाले तरी नशीब. त्या वेगाने दहा हजार किलोमीटरला आठशे तासांवर होतात. मीटरवर आकडा तोच, पण ऑईलने चौपट काम केलेलं असतं. ते कामही वाईट प्रतीचं, कारण गाडी उभी असताना समोरून वारा नाही, बॉनेटखाली सगळं तापलेलं आणि पंखा सारखा सुरू.

उलट टोकाचा त्रास छोट्या फेऱ्यांचा. घरून शाळा, शाळेतून भाजी, परत घर, इंजिन पुरतं तापायच्या आत बंद. गार इंजिनात पेट्रोल जास्त जातं, त्यातलं थोडं न जळता सिलिंडरच्या भिंतींवरून खाली ऑईलमध्ये उतरतं. जळण्यातून तयार होणारी वाफही आतच थंड होऊन ऑईलमध्ये मिसळते. पावसाळ्यात अशा गाडीचं ऑईलचं झाकण उघडून उलटं करा, आतून लोण्यासारखा पांढरट थर दिसेल. बघून लोक घाबरतात, हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि हेडमधलं पॅकिंग, गेलं म्हणतात. बहुतेक वेळा तसं नसतं. कुलंट कमी होत नसेल आणि लांबची एक चांगली फेरी मारल्यावर तो थर गेला, तर ती नुसती ओल. पण तो थर तुम्हाला सांगतो की ही गाडी कशी वापरली गेली आहे. जुनी गाडी बघताना मी मीटरआधी झाकण बघते.

आणि या इंजिनात ऑईल मावतं तरी किती? तीन लिटरसुद्धा नाही. त्यातलं अर्धा-पाऊण लिटर कमी झालं तर मोठ्या इंजिनात चालून जाईल, इथे तो जवळजवळ पाव हिस्सा झाला. ऑईल प्रेशरचा लाल दिवा लागायची वाट बघू नका, तो लागेपर्यंत वेळ गेलेली असते. पंधरवड्यातून एकदा सकाळी, गाडी सपाट जागी असताना, डिपस्टिक काढायची, पुसायची, परत घालून काढायची. माझ्या विद्यार्थिनींना पार्किंग यायच्या आधी हे येतं.

ऑईल कमी पडलं किंवा जुनं झालं की पहिली तक्रार चेन करते. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑईलच्या दाबावर चालतो. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू केली की दाब तयार व्हायला क्षणभर लागतो, तेवढ्यात 'खर्रर्र' असा पत्रा हलवल्यासारखा आवाज आला आणि थांबला, तर कान टवकारायचे. तो आवाज दोन-तीन सेकंदांहून लांबला, किंवा इंजिन तापल्यावरही राहिला, तर चेन, टेन्शनर आणि गाइड, म्हणजे चेनला वाट देणाऱ्या पट्ट्या, बघायची वेळ झाली. हे काम स्वस्तातलं नाही, कारण पुढचं कव्हर उघडावं लागतं. शेजारच्या सोसायटीतल्या एका गाडीचं हे काम मी उभी राहून पाहिलंय. कव्हर निघालं तेव्हा आत सगळ्यावर काळा, चिकट लेप. मालकांनी दोन वर्षांत ऑईल बदललं नव्हतं. "फिरते कुठे गाडी?" हे त्यांचं म्हणणं. फिरत नव्हती, पण रोज सकाळी अर्धा तास उभ्याउभ्या सुरू ठेवत होते, बॅटरी उतरू नये म्हणून. चेन लांबली होती आणि गाइडच्या प्लास्टिकला खाचा पडल्या होत्या.

मी स्वतः पाच हजार किलोमीटर किंवा सहा महिने धरते. तुमची गाडी रोज घोडबंदरला अडकत असेल तर तुम्हीही तेच धरा, हायवेची असेल तर पुस्तकाप्रमाणे चाला. फिल्टरसकट खर्च दीड-दोन हजारांच्या आसपास. ग्रेड मात्र पुस्तकातलाच. या इंजिनाला ५डब्ल्यू-३० सारखं पातळ ऑईल लागतं. एका गॅरेजात, नाव नको, माझ्या गाडीत २०डब्ल्यू-५० ओतायला निघाले होते. "मॅडम, गाडी जुनी आहे, जाड टाकलं की आवाज कमी होतो." आवाज कमी होतो खरा, पण सकाळी ते जाड ऑईल वर कॅमशाफ्टपर्यंत पोचायला वेळ घेतं, म्हणजे ज्या क्षणी चेनला गरज आहे नेमकं त्याच क्षणी नाही. मी डबा परत ठेवायला लावला आणि त्या दिवसापासून वागळे इस्टेटमधल्या चाचांकडे जाते. चाचा डबा माझ्यासमोर उघडतात आणि जुनं ऑईल बोटांवर घेऊन नाकाशी नेतात. "मॅडम, इसमें पेट्रोल की बू है, छोटी फेरी ज्यादा हो गयी." प्रयोगशाळा नाही, पण अंदाज क्वचित चुकतो.

दुसरा नेहमीचा विषय इग्निशन कॉइल. जुन्या गाड्यांत एक कॉइल आणि तिच्यापासून प्लगपर्यंत जाड वायरी असायच्या. इथे प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतःची कॉइल, म्हणजे तीन. एक गेली की तीन सिलिंडरच्या गाडीचा एक तृतीयांश जोर जातो, लपून राहत नाही. माझी पेट्रोलची गाडी एकदा वॉशिंग सेंटरवरून आली, तिथल्या पोराने हौसेने बॉनेट उघडून इंजिनावर प्रेशरचा फवारा मारला होता. दुसऱ्या दिवशी पोखरण रोड नंबर २ वर गाडी आचके द्यायला लागली. चालवणारी बिचारी "सॉरी ताई, सॉरी ताई" करत राहिली, क्लच तिचा अगदी बरोबर होता. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत होता. हे लक्षात ठेवा: तो दिवा स्थिर असेल तर गॅरेजपर्यंत हळू न्या, लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या. लुकलुकणं म्हणजे मिस-फायर, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय, आणि तो पार्ट कॉइलपेक्षा कितीतरी महाग.

चाचांनी स्कॅनर लावला, कोड आला पी०३०२. म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिस मारतोय. लगेच नवी कॉइल आणायला पळाले नाहीत. दोन नंबरची कॉइल काढून तीनवर लावली, तीनची दोनवर, कोड पुसला आणि गाडी सुरू केली. या वेळी कोड पी०३०३. बिघाड कॉइलबरोबर सरकला, म्हणजे प्लग आणि पेट्रोल फवारणारा इंजेक्टर ठीक, कॉइलच खराब. उलट कोड दोनवरच राहिला असता तर प्लग बघायला हवा होता. कॉइलचं रबरी टोक त्यांनी माझ्यासमोर उजेडात धरलं. त्यावर केसाएवढी पांढरी रेघ उमटली होती, ओलीतून ठिणगी बाहेर पळाल्याची खूण, आणि प्लगच्या खोल विहिरीत तळाला पाणी. फुंकणीने सुकवलं, एक कॉइल बदलली, विषय संपला. तुमच्या मेकॅनिकने न तपासता "तिन्ही बदलाव्या लागतील" असं म्हटलं तर ही अदलाबदल करून दाखवायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. त्या विहिरीत पाण्याऐवजी ऑईल सापडलं तर वरच्या कव्हरचं पॅकिंग कडक झालंय असं समजायचं. वयाने होतं, मोठा आजार नाही.

कुलंटच्या बाबतीत मी थोडी कडक आहे. ॲल्युमिनियमचं हेड एकदा जास्त तापलं की वाकतं, मग गॅस्केट जातं आणि मग खऱ्या अर्थाने खर्च. नळाचं पाणी ओतणाऱ्यांच्या गाडीत आत गंज आणि क्षार धरतात. त्याहून वाईट सवय म्हणजे थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कुलंट अडवून धरणारी झडप, काढून टाकणं. "अपने यहाँ गरमी है, इसकी जरूरत नहीं," असं म्हणून काही मिस्त्री तो काढून हातात देतात. मग इंजिन हवं तेवढं तापतच नाही. कॉम्प्युटरला वाटतं अजून गारच आहे, तो पेट्रोल वाढवत राहतो, ॲव्हरेज पडतं आणि वर सांगितलेला पेट्रोल-ऑईलचा मिलाफ जोरात सुरू होतो. जुनी गाडी चालवून बघताना टेम्परेचर बराच वेळ वर येत नसेल तर विचारा थर्मोस्टॅट आहे का.

थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनाची हवा जिथून आत जाते तिथे, कार्बन बसला की सिग्नलला इंजिनाच्या फेऱ्या खाली जातात आणि गाडी बंद पडते. साफ करून घ्यायची, झालं. उंदरांनी वायरी कुरतडल्या तर तो दोष इंजिनाचा नाही, तुमच्या सोसायटीच्या कचराकुंडीचा.

सीएनजी. माझ्या दुसऱ्या गाडीने पैसे वाचवले, नाकारत नाही. कंपनीच्या सीएनजीत गॅसवर आठ-दहा पीएस कमी मिळतात, आणि येऊरच्या चढावर ते लगेच जाणवतं. गॅस कोरडा जळतो, व्हॉल्व्ह आणि त्यांच्या सीटवर जास्त उष्णता आणि घास पडतो, त्यामुळे व्हॉल्व्ह क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्हजवळची ठरावीक फट, वेळोवेळी तपासून घ्यावा लागतो. ठिणगीही जास्त जोराची लागते, म्हणून प्लग आणि कॉइल पेट्रोलच्या गाडीपेक्षा लवकर थकतात. थोडं पेट्रोल रोज वापरात ठेवा. टाकी कायम तळाला ठेवून गॅसवरच पळवणाऱ्यांचे पेट्रोल पंप आणि इंजेक्टर बसतात, मग एखाद्या सकाळी गाडी सुरूच होत नाही, कारण ती सुरू पेट्रोलवर होते. गॅसच्या टाकीच्या हायड्रो टेस्टचं (पाण्याच्या दाबाखालची तपासणी) सर्टिफिकेट दर तीन वर्षांनी लागतं, जुन्या गाडीत त्याची तारीख आधी बघा. आणि पंपावरच्या रांगेतला वेळ तुमच्या बचतीच्या हिशेबात धरा. मी त्या रांगेत थिअरीचा तास घेते, तुम्ही काय कराल ते तुम्ही बघा.

ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, याबद्दल सगळे विचारतात. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. वीस टक्के मिसळलं की लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा गेली, तेवढं ॲव्हरेज कमी व्हायला जागा आहे. एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्या सर्वसाधारणपणे ई२० धरून बनवलेल्या नाहीत, म्हणून जुन्या के१०बीमध्ये इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील यांवर दर सर्व्हिसिंगला नजर टाकायला सांगा. इथेनॉल पाणी ओढतं, तेव्हा गाडी महिनोन्महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका.

रिकॉलचं रेकॉर्ड उघड आहे, ते माहीत असावं. फेब्रुवारी २०१० मध्ये कंपनीने सुमारे एक लाख ए-स्टार इंधनाच्या टाकीवरच्या गॅस्केटसाठी परत बोलावल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये १ लिटरच्या ४०,६१८ वॅगनआर, फ्युएल होज लोखंडी क्लॅम्पला घासण्याच्या शक्यतेवरून. जुलै २०२० मध्ये ५६,६६३ वॅगनआर, फ्युएल पंपासाठी. लक्ष देऊन वाचलं तर तिन्ही गोष्टी इंधन पोचवण्याच्या आहेत, पिस्टन-क्रँकच्या नाहीत. पण पेट्रोलची गळती ही काही किरकोळ बाब नव्हे. २०१८ ची अखेर ते २०१९ मधली वॅगनआर बघत असाल तर चॅसिस नंबर घेऊन कंपनीच्या वेबसाइटवर टाका, त्या गाडीचं काम झालंय की नाही ते सर्व्हिस सेंटरकडून पक्कं करा. फुकटात होतं.

नवी घेणाऱ्यांसाठी दोन ओळी. २०२१ च्या सेलेरिओपासून आणि २०२२ च्या वॅगनआरपासून याच्या जागी के१०सी आलं. तेच ९९८ सीसी, पण दर सिलिंडरला दोन इंजेक्टर, ५५०० आरपीएमला ६७ पीएस, ८९ न्यूटन मीटर. कमाल ताकद कमी फेऱ्यांवर मिळते, त्यामुळे शहरात जास्त बरं वाटतं. एका विद्यार्थिनीच्या घरच्या गाडीत बसून शिकवलं, सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणं मला शिकाऊ माणसाबरोबर त्रासदायक वाटलं. ती सोय बटण दाबून बंद करता येते.

आता मूळ प्रश्न, घेऊ का. २०१० किंवा २०११ ची कितीही चकचकीत दिसली तरी पंधरा वर्षांचा आकडा आधी मोजा. खाजगी गाडीच्या नोंदणीच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये, फिटनेस, ग्रीन टॅक्स वेगळा, लुईसवाडीला आरटीओच्या फेऱ्या वेगळ्या. २०१५ नंतरची, एका हातची, सर्व्हिसच्या पावत्या तारखांसकट असलेली मिळाली तर बिनधास्त घ्या, मीटरवर ऐंशी हजार असले तरी. पावत्या नसलेली तीस हजारांची मी घेणार नाही. पावतीवर ऑईलचा ग्रेड लिहिलेला असतो, तो वाचा. एक्झॉस्टमधून निळसर धूर येतो का बघा, विशेषतः उतारावरून इंजिन ब्रेकिंग करत आल्यावर परत ॲक्सिलरेटर दिला की. कुलंटच्या बाटलीत रंग आहे की गढूळ पाणी. प्रेशर वॉश करून बॉनेटखाली आरशासारखं चमकवलेलं इंजिन दिसलं तर मला उलट शंका येते, काय पुसलंय कोण जाणे. थोडी धूळ असलेलं, कोरडं इंजिन बरं.

गाडी बघायला मला सोबत नेणार असाल तर सकाळी आठच्या आत ठरवा, मग माझे क्लास सुरू होतात. आणि मालकाला आदल्या रात्रीच फोन करून बजावा की आम्ही येईपर्यंत गाडीला चावी लावायची नाही, चेनचा तो पहिला आवाज थंड इंजिनातच ऐकायचा असतो. आम्ही पोचलो आणि बॉनेट गरम लागलं, तर मी तिथूनच परत फिरते.